हौशी टपालखान्यातील बटवडा

संगणकात माहिती साठविण्याच्या पद्धती हा माझ्या व्यवसायाचा विषय असल्यामुळे, या शास्त्राचा पहिला धडा कोठे गिरवावा असे नवे अभियंते विचारू लागले, म्हणजे मी त्यांना बड्या कंपन्यांच्या कोठारांकडे न नेता, अमेरिकेतील हौशी मंडळींनी घरच्या एका यंत्रावर आणि एका टेलिफोनवर चालविलेल्या बुलेटिन बोर्डांच्या टपालखान्याकडे नेतो.

वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी 1978 साली शिकागोत असा पहिला बोर्ड उघडला. 1984 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी बोर्डाबोर्डांत टपाल जावे म्हणून फिडोनेट उभे केले. आणि 1986 मध्ये डॅलसच्या जेफ रश यांनी एका बोर्डावर लिहिलेले पत्र त्या चर्चेत सामील असलेल्या सर्व बोर्डांवर पोहोचविणारी 'एकोमेल' ही व्यवस्था काढली, तेव्हापासून टपालाला पूर आला. रात्री, फोनचे दर उतरल्यावर, पत्रांचे आवळलेले गठ्ठे येत. ते उलगडून प्रत्येक पत्र आपापल्या विषयाच्या खात्यात टाकण्याचे काम 'टॉसर' नावाचा प्रोग्राम करी. आणि डॉस ही प्रणाली एका वेळी एकच काम करणारी असल्याने, हा बटवडा आटोपेपर्यंत बोर्डाचे दार बाहेरच्यांना बंद राही. बटवड्यातले प्रत्येक मिनिट हे असे कोणा वाचकाच्या वाट्याचे मिनिट होते.

आरंभीच्या पद्धतीत प्रत्येक पत्र ही एक स्वतंत्र फाइल असे. दिसावयास हे अत्यंत सुटसुटीत. परंतु डॉसच्या दप्तरात फाइलींची नोंद 32 बाइटांची, क्रमवारी न लावलेली, आणि हवी ती फाइल सापडेपर्यंत यादी पहिल्या नोंदीपासून वाचावी लागणारी. एका खात्यात 500 पत्रे असली आणि ती ओळीने उघडली, तर पहिल्यासाठी एक नोंद, दुसऱ्यासाठी दोन, असे करीत शेवटच्यासाठी 500, मिळून सव्वा लाखांवर नोंदी तपासल्या जात. नवे पत्र ठेवताना तर त्या नावाची फाइल आधी नाही ना, याची खातरजमा करण्यासाठी सबंध यादी चाळणे आलेच. शिवाय चार ओळींचे पत्रही डिस्कवर बहुधा 2048 बाइटांची जागा अडवून बसे.

क्विकबीबीएस या बोर्डासाठी ॲडम हडसन यांनी काढलेल्या रचनेत सर्व खात्यांतील पत्रांचा मजकूर एकाच फाइलीत, 256 बाइटांच्या तुकड्यांत राहू लागला, व फाइली उघडण्या-मिटण्याचा खटाटोप एकदम संपला. मात्र खात्यांची मर्यादा 200 आणि मजकुराची 16 मेगाबाइट, म्हणून मोठ्या बोर्डांस ती लवकरच अपुरी पडली.

माझ्या मते खरी नजर दिसते ती स्कॉट डडली यांच्या 'स्क्विश' रचनेत. प्रत्येक खात्यास दोनच फाइली: एकीत पत्रे, दुसरीत त्यांची बारनिशी. बारनिशीतील नोंद अवघी 12 बाइटांची, आणि तिचे तीन भाग: पत्र कोठे आहे तो ठिकाणा, त्याचा कायम क्रमांक, आणि ज्याला ते लिहिले त्याच्या नावावरून गणिताने काढलेला एक आकडा. आपले नाव सांगून कोणी टपालाची चौकशी केली, की प्रोग्राम त्या नावाचा आकडा काढून नुसती बारनिशी चाळी, आणि आकडे जुळले तेवढीच पत्रे उघडी. 500 पत्रांचे काम 6000 बाइटांच्या वाचनात निभावे. पत्र काढून टाकल्यावर मोकळी झालेली जागाही साखळीत नोंदवून नव्या पत्रास दिली जाई, त्यामुळे दप्तर वारंवार आवरत बसण्याची निकड उरत नसे.

टॉसरचे पुढचे काम म्हणजे बाहेर जाणारी पत्रे शोधणे. त्यासाठी एकूण एक खाती धुंडाळण्याऐवजी, पत्र लिहिले जाताच त्या खात्याचे नाव एका छोट्या मजकुरी फाइलीत टिपून ठेवायचे, आणि रवानगीच्या वेळी तेवढीच खाती उघडायची, अशी वहिवाट पडली. ही फाइल कोणत्याही संपादकात उघडून वाचता येई: एका ओळीत एका खात्याचे नाव, याउपर काही नाही. शंभर खात्यांच्या बोर्डावर त्या दिवशी तिघांनीच लेखणी उचलली असेल, तर तीन ओळी, आणि तीनच खात्यांची झडती.