साभार परत

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपले पूर्वज सांगून गेले. ‘दिवाळी अंक पाहावा काढून’ हे सांगायचं त्यांच्याकडून राहिलं, कारण त्यांच्या वेळी दिवाळी अंकच नव्हता. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या सुखी संसारात ही तिसरी आपत्ती शिरली. हे मित्र मूळचे आजगावकर. बंगाली भाषेच्या प्रेमापोटी त्यांनी ‘मित्र’ हे आडनाव लावलं. दिवाळी अंक काढणाऱ्याला पुढेपुढे आडनावापुरताच मित्र उरतो, हे मला स्वानुभवानं कळलं.

मी हा उद्योग १९७४ साली जालन्यात केला. जालना तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. त्याचा जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. म्हणजे आमचा अंक जिल्ह्यापेक्षा सात वर्षांनी मोठा! अंकाचं नाव मात्र सांगत नाही. कागदवाल्याचे वारस अजून हयात आहेत.

पेशानं मी शाळामास्तर. संपादक म्हणजे काय, याची माझी कल्पना फार सोपी होती. डोक्यावर पंखा, समोर चहा, डाव्या हाताला आलेल्या कवितांचा गठ्ठा आणि उजव्या हाताला ‘साभार परत’च्या छापील चिठ्ठ्या. अंकाच्या आधी मी त्या चिठ्ठ्याच छापून घेतल्या. चांगल्या पाचशे. वर्गणीदार तेव्हा एकोणचाळीस होते.

वास्तविक हस्तलिखित कसं असावं हे बजावून सांगणारा थोर पुरुष आमच्याच भागातला. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातलंच. ‘दासबोधा’त त्यांनी एक अख्खा समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळं, सरळ आणि मोकळं काढावं, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं असावं, पानाला चारी बाजूंनी जागा सोडावी, सगळं त्यात आहे. समर्थांनी समास लिहिला. आमचे कवी समास सोडतसुद्धा नसत. पाठकोऱ्या कागदावर, पोस्टकार्डावर, एकदा तर लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला कविता आली. कवितेचं नाव होतं ‘शून्य’. पत्रिका त्यांच्याच लग्नाची होती.

छापखाना कादराबादेतल्या एका बोळात होता. पायानं हाणायचं ट्रेडल मशीन आणि खिळे जुळवायला एक वयस्क कंपोझिटर. त्यांना सगळे मामा म्हणत. पहिल्याच आठवड्यात मामा माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“मास्तर, ‘ळ’ संपले.”

“संपले म्हणजे?”

“पेटीत साठच होते. तुमच्या एकाच कवीनं सगळे खाल्ले.”

वाचकहो, आजच्या पोरांना हे दुःख कळायचं नाही. यंत्रावर बोट ठेवलं की हवे तितके ‘ळ’ पडतात. तेव्हा प्रत्येक अक्षर शिशाचं, मोजून आणलेलं. एका पानात गुंतलेला ‘ळ’ ते पान छापून, खिळे सोडवून, धुऊन परत घरात पडेपर्यंत दुसऱ्या पानाला मिळत नसे. आणि त्या काळच्या कवितेत काय असायचं? काळोख, आभाळ, वादळ, सावळी आणि डोळे! आमच्या अंकाचं वाङ्मयीन धोरण अशा रीतीनं आपोआप ठरलं. पुण्यामुंबईचे संपादक आशय आणि अभिव्यक्ती पाहून कविता परत करत. मी ‘ळ’ मोजून करत असे.

उरलेला वेळ जाहिराती मागण्यात जाई. ‘जालना सोने का पालना’ म्हणतात ते खरं आहे. फक्त त्या पाळण्याची दोरी मोंढ्यात असते. तिथल्या एका आडत्याच्या गादीवर मी तीन दिवस चपला झिजवल्या. चौथ्या दिवशी शेटजींनी विचारलं, “मास्तर, तुमच्या अंकात असतं काय?”

मी छाती फुगवून म्हणालो, “नवसाहित्य.”

“मोसंबीचं काही?”

“नाही.”

“मग वाचणार कोण?”

पाव पान जाहिरात त्यांनी दिली, पण प्रश्न काही परत घेतला नाही. एवढा अडाणी प्रश्न, असं म्हणत मी चांगला आठवडाभर धुमसत होतो.

अंक निघाला. किंमत तीन रुपये. दिवाळी झाली आणि तुळशीच्या लग्नाच्या सुमारास पोस्टमननं एक पुडकं आणून दिलं. आत आमचाच अंक. भोकरदन तालुक्यातल्या एका खेड्यात राहणाऱ्या माझ्या सख्ख्या आत्याला मी तो पाठवला होता आणि तिनं पैसेही मनिऑर्डरीनं धाडले होते. अंकाला टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली होती. टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘साभार परत. पैसे राहू दे. – आत्या.’

पाचशे चिठ्ठ्यांच्या मालकाला आलेली ही पहिलीच चिठ्ठी! रविवारी एस.टी. पकडून मी थेट आत्याचं घर गाठलं.

“आत्याबाई, अंक आवडला नाही का?”

“कोण म्हणालं? चांगला आहे की. कागद किती गुळगुळीत! पण बापू, तो मला कामून पाठवलास? त्यातलं कुणीच माझ्याशी बोलंना.”

असं म्हणून तिनं पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली. आत नेसूच्या चार लुगड्यांखाली मासिकांच्या चळती होत्या. वाळवी लागू नये म्हणून मध्ये कडुलिंबाचा पाला. वरचा अंक ‘स्त्री’चा होता.

आत्याचं लग्न झालं १९३० साली, आणि ‘स्त्री’ मासिक निघालं तेही त्याच वर्षी. माझ्या वडिलांनी पहिल्या भाऊबिजेला बहिणीला खण न देता ‘स्त्री’ची वर्षाची वर्गणी भरली आणि पुढे दर वर्षी भरत राहिले. पण छापील अक्षराची ओळख तिच्या सासरी त्याआधीच झाली होती आणि तीही नांगराच्या मागून. तिच्या सासऱ्यांनी लोखंडी नांगर घेतला होता. नांगर गोठ्यात आला आणि त्याच्या पाठोपाठ ‘किर्लोस्कर खबर’ ओसरीवर आली. पुरुष नांगराची पानं वाचून खबर कोनाड्यात टाकत. बाकीची पानं माजघरात जात.

या खबरेची कुळकथा मला त्या दिवसापर्यंत ऐकूनच ठाऊक होती. नंतर मी ती शोधून वाचली आणि माझ्या डोक्यावरचा संपादकीय पंखा बंद पडला.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा शेतकरी त्याला हात लावीना. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी समजूत होती. पुढे १९१० साली औंध संस्थानातल्या एका उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, हे पेशानं खरे चित्रकार. लाहोरला पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकून आलेले. त्यांच्या गळ्यात कारखान्याचं विक्रीचं आणि जाहिरातीचं काम पडलं. आता मला सांगा, लाहोरला रंग कालवायला शिकलेल्या माणसाला आपण नांगराची माहितीपत्रकं काढायला बसवलं, तर तो काय करील? मी असतो तर एक करुण आत्मचरित्र लिहिलं असतं. शंकररावांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढली.

खबर निघाली ती कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकाला कळावी म्हणून. पण नांगराबद्दल दर महिन्याला कोण किती वाचणार? नांगर एकदा घेतला की माणूस दुसरा घ्यायला लवकर काही येत नाही. मग शेती आली, धंदा कसा करावा हे आलं, आरोग्य आलं, गोष्टी आल्या, शंकररावांची स्वतःची चित्रं आली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे निबंध आले आणि सनातनी घरांत भांडणंही आली. ‘खबर’ हा शब्द गळून नुसतं ‘किर्लोस्कर’ उरलं. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ अशी भावंडं झाली. सदाशिव पेठ नाही, गिरगाव नाही. नांगर, पंप आणि चरक करणाऱ्या कारखान्याच्या आवारातून हा माणूस तीन-तीन मासिकं चालवत होता. अखेरपर्यंत त्यांना संपादक म्हणावं की विक्रेता, हे कुणाला ठरवता आलं नाही. आपल्या आत्मचरित्राला नाव देतानाही त्यांनी ‘संपादकीय’ची कोटी करून ‘शंवाकीय’ केलं. १९७५ साली ते गेले. मुलगा मुकुंदराव आणि सून शांताबाई यांनी ही मासिकं पुण्यातून पुढे चालवली. शांताबाईंनी त्यांची हकीकत लिहिली तिचं नाव ‘गोष्ट पासष्टीची’. ‘स्त्री’च्याच कचेरीत तयार झालेल्या विद्या बाळ १९८३ साली तिच्या संपादक झाल्या आणि १९८९ साली त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. अशी ही नांगराची वंशावळ आहे.

मला त्यातली एकच गोष्ट लागली. नांगर न घेणाऱ्या शेतकऱ्याला मूर्ख म्हणून चालत नाही. त्याला समजेपर्यंत सांगावं लागतं, आणि त्याआधी त्याची जमीन कोणती हे विचारावं लागतं. ज्यानं अशा गिऱ्हाइकासाठी डोकं खपवलं, तो ‘वाचकांना कळत नाही’ असं म्हणून हात झटकत नाही. मी तर पहिल्याच अंकाच्या संपादकीयात ते म्हणून बसलो होतो. मोंढ्यातल्या शेटजींनी मोसंबीचं विचारलं, तोच काय तो संपादकाला शोभेलसा प्रश्न, आणि तो संपादकानं विचारलेला नव्हता.

“बरं, मग मी छापू तरी काय?” मी आत्याला विचारलं.

आत्या तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, “बाहत्तरच्या दुष्काळावर तुझ्या अंकात सात कविता आहेत. मोजल्या मी. भेगा पडलेली भुई आहे, गिधाडं आहेत, आभाळ आहे. चूल कुठं आहे? रेशनवर ती लाल मिलो मिळायची. तिची भाकरी तव्यावर टाकताना मोडायची. दिवसभर खडी फोडून आलेल्या बाईनं ती कशी थापली, ते एकालाबी ठाऊक नाही.”

“तुम्हाला ठाऊक आहे?”

“न ठाऊक व्हायला काय झालं? घरात अकरा तोंडं होती.”

“मग तुम्हीच लिहा.”

आत्याचा हात तांदळात थांबला. चव्वेचाळीस वर्षं मासिकं वाचणाऱ्या बाईला कुणी हे म्हटलं नव्हतं. तिच्या ‘स्त्री’नं घरोघरच्या बायकांना लिहितं केलं होतं, पण माझ्या आत्याच्या घरात कागद-पेन्सिल पुरुषांच्या फडताळात असे. “चल, काहीतरीच,” असं ती म्हणाली आणि मला दुसऱ्यांदा चहा टाकला. माझ्या संपादकीय आयुष्यातला मानधनाचा व्यवहार एवढाच, आणि तोही उलट्या दिशेनं झाला.

पुढच्या श्रावणात शाळेच्या वहीची अकरा पानं आली. पेन्सिलीनं लिहिलेली, अक्षर वाटोळं, चारी बाजूंना समास सोडलेला. समर्थांनी पाठ थोपटली असती. पीठ उकळत्या पाण्यात कसं भिजवायचं, इथपासून सुरुवात होती. त्यात कुठेही ‘दुष्काळ भयंकर होता’ असं म्हटलेलं नव्हतं. फक्त कोणत्या महिन्यात डाळ बंद झाली, कोणत्या महिन्यात गूळ, आणि धाकट्या जावेनं स्वतःच्या वाटणीची भाकरी कोणाच्या पानात सरकवली, हे ओळीनं लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि शाळेत जायचं विसरलो.

दुसऱ्या दिवशी मामा आले.

“मास्तर, ‘ळ’ संपले.”

संपणारच! डाळ, गूळ, दळण, जळण, चाळण, पोळी, वेळ आणि बाळ. कवींच्या काळोखापेक्षा बाईच्या स्वयंपाकघरात ‘ळ’ जास्त लागतात, हे मला कोणत्याही समीक्षाग्रंथात वाचायला मिळालं नव्हतं. मामा म्हणाले, “थोडं कापू का? शेवटचं पान?”

त्या महिन्याच्या शिकवणीच्या पैशांतून मी अर्धा किलो ‘ळ’ विकत आणले. खिळे वजनावर मिळत. सौ.नं विचारलं, “मोसंबी आणायला गेला होता ना?” मी पुडी तिच्या हातात दिली. ती उघडून पाहून ती बराच वेळ काही बोलली नाही. ते बरंच झालं.

लेख आत्याच्या स्वतःच्या नावानं छापला. साठीच्या घरात आलेल्या त्या बाईचं नाव छापून येण्याची ही पहिलीच खेप. तिचं त्यावर पत्र आलं नाही. दहा प्रतींची मनिऑर्डर तेवढी आली. अंक काही पुण्यामुंबईत गाजला नाही. पण मोंढ्यातल्या शेटजींच्या घरून दोन प्रती मागायला माणूस आला आणि पुढच्या वर्षी पाव पानाचं अर्धं झालं. चार कवींनी माझ्यावर पाकशास्त्राला शरण गेल्याचा आरोप केला. त्यांतल्या दोघांच्या आया नंतर आमच्या लेखिका झाल्या.

दहा अंक काढून १९८३ साली मी थांबलो. किर्लोस्करांची गोष्ट पासष्टीची; माझी दहाचीच. पाचशे चिठ्ठ्यांपैकी तीनशे उरल्या होत्या. सौ.नं त्यांच्या मागच्या बाजूला कितीतरी महिने दुधाचा हिशेब लिहिला.

पुढे छापखान्यात ऑफसेट आलं आणि खिळे भंगारात गेले. मामांनी जाता जाता एक पुडी माझ्या हातात ठेवली. “तुमचा माल,” म्हणाले. संपादक होऊन काय मिळवलं, असं कुणी विचारलं की मी ती पुडी दाखवतो. वजन अजून बरोबर अर्धा किलो भरतं. त्यातला एकही ‘ळ’ मी साभार परत केलेला नाही.