नवरदेवाशिवाय वरात

फेब्रुवारी 2024 मध्ये टर्म टेस्ट संपल्याच्या आनंदात आम्ही चौघे लालबागहून चालत परळला ‘मॅडम वेब’ बघायला गेलो. स्पायडरमॅनच्या जगातला सिनेमा, पण अख्ख्या सिनेमात स्पायडरमॅनच नाही! वाजंत्री आहे, करवल्या आहेत, फक्त घोड्यावर नवरदेव नाही. ‘कॅटवुमन’ (2004) बॅटमॅनशिवाय आपटला, ‘मॉर्बियस’ (2022) स्पायडरमॅनशिवाय.

मध्यंतरात मित्र म्हणाला, “हे तर तुझंच झालं की रे!”

खरंय. दादा आमच्याच कॉलेजचा टॉपर. व्हायवाला माझी ओळख एकच, ‘त्याचा भाऊ’. त्याच्याच जर्नल्स उतरवून मी दोन वर्षं काढली आणि तरी केटी लागलीच.

पण मग 2018 चा ‘व्हेनम’ कसा चालला? त्यातही स्पायडरमॅन नव्हताच की! पण एडी आणि त्याच्या अंगात शिरलेला तो प्राणी, दोघं चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतल्या नवरा-बायकोसारखे भांडतात. ती गोष्ट त्यांची स्वतःची होती. नाव उसनं चालतं राव, गोष्ट नाही चालत.

या सेमला दादाच्या जर्नल्स रद्दीत घातल्या. रीडिंग्ज माझी मीच घेतोय. चुकतायत, पण माझी आहेत. व्हायवाचं बघू!