राखून ठेवलेला डाव

तालमीच्या जगात एक जुना प्रवाद आहे, आणि तो इतक्या पिढ्यांच्या तोंडून आलेला आहे की त्याला आता शास्त्रवचनाची प्रतिष्ठा लाभली आहे: वस्ताद आपल्या पठ्ठ्याला सारे डाव शिकवतो, पण एक डाव राखून ठेवतो, न जाणो, उद्या पठ्ठा उलटलाच तर त्याला चीत करायला तो हाताशी असावा. अहमदपुरात मी पहिल्यांदा लंगोट कसला तेव्हा आम्हा पोरांचा या प्रवादावर संपूर्ण विश्वास होता, आणि वस्ताद संध्याकाळी हौद्याच्या काठावर पाय सोडून बसले की त्यांचा तो राखीव डाव कोणता असावा यावर आमची कुजबुज चाले. वस्ताद निजामी अमदानीत वाढलेले आणि पुढे तहसील कचेरीत शिपायाच्या नोकरीत आयुष्य काढलेले गृहस्थ होते. 'रुजू', 'तहकूब', 'बरखास्त' हे शब्द त्यांच्या बोलण्यात आमच्या बोलण्यात शिव्या याव्यात तितक्या सहजतेने येत. पोराने दांडी मारली की 'तुझं नाव दप्तरातून खारीज' असे ते बजावीत, आणि तेच पोरगे दुसऱ्या दिवशी खाली मान घालून दारात उभे राहिले की एक अक्षर न बोलता त्याच्या पाठीवर मातीची मूठ टाकीत. हीच त्यांची फेरनेमणूक.

मातीविषयी मात्र ते फार बोलत, आणि मला वाटते, त्यांच्या विद्येचा प्रारंभ तिथेच होता. आमच्या बालाघाटाच्या पठारावरची जमीन बहुतांशी काळी. पाणी लागले की चिकटणारी आणि वाळली की भेगाळणारी, म्हणून आखाड्याला निरुपयोगी. तांबडी माती बाहेरून आणायची, चाळायची, खडा न् खडा वेचायचा, मग तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर आणि कडुनिंबाचा पाला घालून ती फावड्याने पुन्हा पुन्हा परतायची, हे काम वस्ताद नव्या पोरांकडून करवून घेत. परंतु ती तयार झाली की नाही याचा निवाडा त्यांचा एकट्याचा असे. ते मूठभर माती घेऊन ती वळत आणि हळूच बोटे उघडत. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, उघडताच विस्कटला तर ओल कमी. अंगठ्याचा नुसता स्पर्श होताच जो दुभंगेल तो गोळा खरा. हा प्रयोग ते आम्हाला करायला लावीत, आणि कोणाच्या तळव्याला घाम अधिक येतो, कोणाची मूठ किती घट्ट वळते, हे त्या निमित्ताने पाहून ठेवीत. आम्हाला वाटे, परीक्षा मातीची चालली आहे.

वस्तादांना जाऊन आता बराच काळ लोटला. त्यांचे जे पठ्ठे अजून हिंडतेफिरते आहेत ते माळेगावच्या जत्रेत हटकून भेटतात. मार्गशीर्षातली ती खंडोबाची जत्रा, घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार, आणि तिथली कुस्त्यांची दंगल यांची ओढ आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. एका वर्षी हलगी कडाडत असताना, फडात जोड लागायला अवकाश होता म्हणून, आम्ही चौघे मागच्या बाजूला बसून वस्तादांच्या आठवणी काढत होतो. एक एसटीत वाहक होता, एकाचे आडत दुकान, एक पोलिसात हवालदार होऊन निवृत्त झालेला. गोष्ट पट काढण्यावर आली. पट काढणे म्हणजे समोरच्याच्या पवित्र्याखाली शिरून त्याची मांडी कवळणे आणि त्याला उचलून वा रेटून खाली घेणे. मल्लविद्येतले हे बाराखडीतले अक्षर, ते काय निरनिराळे शिकवणार? पण वाहक म्हणाला की वस्तादांनी त्याला आधी मनगट ओढून समोरच्याला पुढे झुकवायला आणि मगच शिरायला शिकवले. आडत्याने हे साफ नाकारले; त्याला सांगितले होते, हाताला हात लावूच नकोस, नजर छातीवर ठेव आणि गुडघा टेकवत सरळ आत जा. हवालदाराची तिसरीच तऱ्हा. माझी चौथी: मी शिरायचेच नाही, समोरच्याने रेटा द्यावा, मी एक पाऊल मागे घ्यावे, आणि तो पुढच्या पायावर भार टाकील त्या क्षणी तो पाय उचलावा.

थोडा वेळ चौघांच्याही चेहऱ्यावर फसवले गेल्याची भावना होती. प्रत्येकाला वाटले, खरा डाव दुसऱ्याला मिळाला. मग हवालदाराने आडत्याकडे आणि आडत्याने वाहकाकडे नीट पाहिले. वाहक उंच, हात लांब, कंबर वर. त्याला एकदम खाली जाणे अवघड. आडत्या ठेंगणा आणि चपळ. मनगट धरायच्या भानगडीत त्याचा वेळ गेला असता. मी पहिल्यापासून जड बुडाचा आणि मंद पायांचा. वस्तादांनी चार पोरांना चार पट शिकवले होते, आणि तेही निरनिराळ्या वेळी, म्हणजे एकाचे दुसऱ्याला कळून तो नक्कल करायला जाऊ नये. मला आजही त्यांचा खरखरीत पंजा मानेवर जाणवतो. 'मान कुठं घालायलास रे? वर बघ, वर,' असे म्हणत ते स्वतः माझ्याशी झट्या घेत, आणि नेमका जितका जोर मला पेलेल त्याहून रतीभर अधिक देत. डाव राखून ठेवण्याऐवजी जोर राखून खेळण्यात या माणसाचे सारे कसब खर्च होत असे, असे मला आता दिसते.

हे सारे मी आमच्या गावच्या एका अप्रसिद्ध माणसाविषयी लिहितो आहे. पण याची मोठी, लोकविश्रुत साक्ष आमच्याच लातूर जिल्ह्याने दिलेली आहे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार, ज्यांना सारा कुस्तीप्रांत 'मामा' म्हणे, कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडले, 1969 मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, आणि 1970 मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 82 किलो गटात सुवर्णपदक घेऊन आले. पुढे रुस्तुम-ए-हिंद हा किताब त्यांच्या नावाचाच भाग होऊन बसला. 1977 मध्ये बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सत्पालला, वजनाने भारी आणि कीर्तीच्या ऐन चढणीवर असलेल्या गुरू हनुमानांच्या पठ्ठ्याला, हरवले. आमच्या तालमीत ही कुस्ती इतक्या वेळा सांगितली गेली की ज्यांनी ती पाहिली नव्हती तेही डोळ्यांदेखत घडल्यासारखी ती सांगत, आणि सांगणाऱ्यागणिक तिचा कालावधी वाढत जाई. योगायोग असा की हे दोघेही प्रतिस्पर्धी पुढे वस्तादच झाले: सत्पालच्या हाताखालून सुशीलकुमार निघाला, आणि मामांनी पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीचा कारभार पाहिला.

मामांच्या हाताखाली मी शिकलेलो नाही. परंतु वस्तादाचा दाखला पाहायचा तर त्याच्या पठ्ठ्यांकडे पाहावे, आणि मामांचे पठ्ठे पाहिले की माळेगावचा तो प्रसंग मला पुन्हा आठवतो. लातूर जिल्ह्यातलेच काका पवार ग्रीको-रोमन प्रकारात नावारूपाला आले आणि 1998 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. या प्रकारात कमरेखाली हात लावायला मनाई. म्हणजे ज्या पटावर आमची आखाडी कुस्ती निम्मी उभी आहे तो पटच वर्ज्य. दुसरीकडे बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे, अंगलटीने हलका, फ्रीस्टाइलचा, पायांवर झडप घालणारा. 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात त्याने सुवर्णपदक मिळवले, आणि 2019 च्या जागतिक अजिंक्यपदात, नूर-सुलतानला, 61 किलो गटात कांस्यपदक. मामा 14 सप्टेंबर 2011 रोजी गेले, तेव्हा राहुल काका पवारांच्या संकुलात दाखल झाला. म्हणजे एका वस्तादाचा धाकटा पठ्ठा त्याच्याच थोरल्या पठ्ठ्याकडे सोपवला गेला. सुवर्णपदक त्याने मामांच्या स्मृतीला अर्पण केले, हे वर्तमानपत्रात सर्वांनी वाचले. मला त्या अर्पणापेक्षाही महत्त्वाची वाटते ती दोन पठ्ठ्यांमधली विसंगती. मध्यम वजनाच्या मातीतल्या मल्लाला आपल्याच साच्यातली माणसे पाडता आली असती. तशी पाडणारे वस्ताद पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या तालमीतली सारी पोरे एकाच रीतीने हरतात.

माती आणि गादी यांच्या वादात मी पडत नाही, कारण दोन्ही पक्षांचे वकील क्वचितच घाम गाळतात. मातीच्या निकाली कुस्तीला घड्याळ नाही. दोन्ही खांदे टेकेपर्यंत ती चालायची, म्हणून तिथे दम आणि संयम यांची किंमत. गादीवर तीन तीन मिनिटांचे दोन डाव, गुणांचा हिशेब आणि शिट्टी. तिथे पहिल्या अर्ध्या मिनिटात जो जागा होत नाही तो मागे पडतो. एडिंबरोला जाऊन आलेल्या माणसाला हा फरक अंगाने ठाऊक होता, आणि पोरांना गादीवर पाठवताना त्याने मातीची नालस्ती केली नाही.

सध्या मी आमच्या जुन्या तालमीत पोरांना शिकवतो. आता मुलीही येतात. त्यांपैकी एक डाव्या पवित्र्याची आहे, आणि माझा स्वतःचा पट तिच्या काहीच उपयोगाचा नाही. म्हणून वाहकाला बोलावून घेतले, कारण त्याचेही डावे अंग पुढे असे. तो येतो, तिचे मनगट धरून झुकवणे तिला दाखवतो, आणि मला 'तू बाजूला बैस' असे दरडावतो. निवड चाचणी जवळ आली आहे आणि ती गादीवर होणार, तेव्हा मातीचे दिवस मी कमी केले आहेत. त्यावरून आमचे रोज भांडण होते, आणि ती मुलगी मध्ये उभी राहून दोघांचे संपण्याची वाट पाहते.