बडगामचं हेलिकॉप्टर: काही टिपणं

उलव्याचं विमानतळ सुरू झालं आणि पनवेलकर आभाळाकडे जास्त बघायला लागले. गच्चीवरची पोरं मोबाइल बघून डोक्यावरचं विमान कुठलं, कुठून आलं ते घडाघडा सांगतात. विमानातला ट्रान्सपाँडर स्वतःची ओळख देत राहतो, म्हणून हे जमतं. लष्करी विमानात त्याचाच भाऊबंद असतो, आयएफएफ. येणारा आपला की परका, ते त्यावरून कळतं.

*

27 फेब्रुवारी 2019, बालाकोटच्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. सीमेवर विमानांची झटापट चालू असताना श्रीनगरच्या तळाकडे परतणारं एमआय-17 बडगामला कोसळलं. आतले सहाही जण गेले, खाली गावातला एक माणूसही. युद्ध जाहीर झालेलं नव्हतं. मरणाऱ्याला त्याने काय फरक पडतो म्हणा.

*

आधी बातमी आली तांत्रिक बिघाडाची. पाडलं होतं आपल्याच स्पायडर क्षेपणास्त्राने. हवाई दलप्रमुख भदौरियांनी ते जाहीरपणे कबूल केलं ऑक्टोबरात. मोठी चूक झाली, म्हणाले. मध्ये लोकसभेची निवडणूक उरकली होती. योगायोग म्हणा हवं तर.

*

चौकशीत निघालं ते असं: हेलिकॉप्टरचं आयएफएफ बंद, तळ आणि वैमानिक यांच्यातला संपर्क तुटक. रडारवर दिसलं ते खालून, सावकाश येणारं काहीतरी. 2023 मध्ये जनरल कोर्ट मार्शलने एका ग्रुप कॅप्टनच्या बडतर्फीची शिफारस केली. प्रकरण हायकोर्टात गेलं.

*

शत्रूच्या हद्दीत पडलेल्याची तऱ्हा आणखी वेगळी. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे 5 डिसेंबर 1971 ला सुखोई-7 घेऊन शोरकोटवर गेले, ते परतलेच नाहीत. पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. 2007 मध्ये अशा बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग दाखवले, त्यात त्याही होत्या. हाती काही लागलं नाही.

*

1 मार्च 2019 ला नाशिकने बडगामच्या हेलिकॉप्टरमधले स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांना निरोप दिला. वय 33. त्याच दिवशी सगळे कॅमेरे वाघा सीमेवर, पाकिस्तानच्या ताब्यातला वैमानिक अभिनंदन परत येणार म्हणून. आनंद खराच होता, आम्हीही टीव्हीसमोरून हललो नाही. पुढे अभिनंदन यांच्या मिशा सलूनच्या पाटीवर चढल्या. बडगामची सहा नावं मात्र मला इंटरनेटवर शोधावी लागली. वहीत उतरवून ठेवतो: सिद्धार्थ वशिष्ठ, निनाद मांडवगणे, विशाल कुमार पांडे, विक्रांत सेहरावत, दीपक पांडे, पंकज कुमार.