माहुल ते मुलुंड : तेलाच्या टँकरवर चढणाऱ्या पोरांसाठी

मुंबईचे तेलक्षेत्र जमिनीवर नाही, भर समुद्रात आहे. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ साली 'सागर सम्राट' या रिगने तेल शोधले आणि १९७६ पासून ते बाहेर येऊ लागले. त्या 'बॉम्बे हाय'वर ट्रक जात नाही. तेल समुद्राखालच्या नळातून उरणला आणि तेथून ट्रॉम्बेला येते. ट्रकवाल्याचे काम सुरू होते ते चेंबूरच्या पुढे, माहुलला. येथे १९५४ साली स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ साली बर्मा शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला. सरकारने १९७४ आणि १९७६ साली हे कारखाने ताब्यात घेतले. आज आपण त्यांना हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम म्हणून ओळखतो.

आखाती देशात तेलाच्या विहिरींवर ट्रक चालवून अमक्याच्या मुलाने गावी घर बांधले, अशा गोष्टी आपल्या वस्त्यांतून नेहमी ऐकू येतात. पण घाटकोपर, विक्रोळी, मुलुंडच्या पोराला तेलाचा ट्रक पहिल्यांदा जवळून दिसतो तो याच रस्त्यावर. तेव्हा त्याला या धंद्याची खरी ओळख व्हावी, आणि त्याच्या आईवडिलांनाही व्हावी, म्हणून आम्ही माहुलपासून मुलुंडपर्यंतची ही वाट वाचकांपुढे ठेवत आहोत.

पहाटे माहुलच्या रस्त्याला टँकरची रांग लागलेली असते. हवेत तेलाचा उग्र वास. चहाच्या टपरीवर ड्रायव्हर बसलेले आणि त्यांचे क्लीनर फडके घेऊन काचा पुसत असलेले. टायर ठोकून हवा बघायची, उस्तादाचा चहा आणायचा, गाडी मागे घेताना 'आने दो, आने दो' ओरडायचे, हे क्लीनरचे काम. पगार थोडा, झोप त्याहून थोडी. या सगळ्याच्या बदल्यात पोराला एकच आशा असते, उस्ताद एखाद्या रात्री मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात देईल. तिथल्या एका तरुणाला आम्ही विचारले, लायसन्स काढलेस का? तो हसून म्हणाला, "आधी हात बसू दे, मग कागद काढू."

नेमका येथेच आपला मुलगा चुकतो. भरलेला टँकर हा हात बसवायचा ट्रक नव्हे.

बाबासाहेबांच्या आयुष्यातला एक प्रसंग येथे आठवतो. १९२९ साली ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवर आपले लोक त्यांना न्यायला आले होते. महाराला घेऊन टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. बाबासाहेबांनी पायी जावे हे आपल्या लोकांना पटेना. शेवटी तोड निघाली, टांगा भाड्याने घ्यायचा आणि हाकायचा आपल्यातल्याच एकाने. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेले. पुढे हा प्रसंग लिहिताना बाबासाहेबांनी टांगेवाल्यांचा जातीचा अहंकार तर दाखवलाच, पण आपल्या लोकांनाही एक गोष्ट सांगितली. उतारूच्या मानापेक्षा त्याचा जीव मोठा, हे ते विसरले होते.

लगाम दुसऱ्याच्या हाती असला की तो आपल्याला नाकारू शकतो, म्हणून लगाम आपल्या हाती यायला हवा. आणि न शिकता तो हाती घेतला तर माणूस मरतो. चाळीसगावचे हे दोन्ही धडे टँकरच्या स्टिअरिंगला जसेच्या तसे लागू आहेत.

कायद्याची वाट लांबची असली तरी सरळ आहे. वयाच्या १८ व्या वर्षी हलक्या गाडीचे लायसन्स काढता येते. ते हातात येऊन एक वर्ष झाल्यावर आणि वयाची २० वर्षे पूर्ण झाल्यावर मालवाहू गाडीच्या लायसन्सकडे जाता येते. त्यासाठी मान्यताप्राप्त ट्रेनिंग स्कूलचे प्रमाणपत्र लागते. पेट्रोल, गॅस यांसारखा धोकादायक माल न्यायचा तर आणखी तीन दिवसांचे खास प्रशिक्षण घ्यावे लागते आणि तशी नोंद लायसन्सवर करून घ्यावी लागते. मालवाहू गाडीच्या ड्रायव्हरला आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ साली निघाली. पण धोकादायक मालाच्या ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहितावाचता आली पाहिजे, हे नियमातच आहे. 'ड्रायव्हर तर व्हायचंय, शाळा कशाला?' असे म्हणणाऱ्या मुलाला हा नियम दाखवावा.

वाचता का यायला हवे, हे टँकरच्या पाठीवरच दिसते. तेथे एक पाटी असते. तिच्यावर १२०३ हा आकडा असेल तर आत पेट्रोल आहे, १२०२ म्हणजे डिझेल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. हे आकडे जगभर तेच आहेत. शेजारी तांबडा चौकोन, त्यात ज्वाळा. टँकर उलटला तर अग्निशमन दलाचा जवान आधी ही पाटी वाचतो आणि मग पुढे काय करायचे ते ठरवतो. ड्रायव्हरलाच ती वाचता आली नाही, तर तो फोनवर काय सांगणार?

कारखान्याच्या गेटातून आत जाण्यापूर्वी काडेपेटी, बिडी बाहेर राहते. गाडीच्या धुराड्याला ठिणगी अडवणारी जाळी बसवलेली असावी लागते. तेल भरताना टँकरला अर्थिंगची तार जोडतात, कारण वाहत्या पेट्रोलने स्थिर वीज तयार होते आणि तिची एक ठिणगी पुरेशी असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत दूरच्या चुलीपर्यंत पोचू शकते. टाकीत डिपची काठी घालून माप बघायचे, सील तपासायचे, मगच चलनावर सही करायची. माल कमी भरला तर पुढे जाब ड्रायव्हरलाच विचारतात.

१२,००० लिटरच्या टँकरमध्ये पेट्रोलचेच वजन ९ टनांच्या घरात जाते. दगड-विटा जागच्या जागी बसतात, तेल बसत नाही. ब्रेक दाबला की ते पुढे धावते, वळणावर बाहेरच्या बाजूला चढते. म्हणून टाकीत आडव्या भिंती आणि वेगळे कप्पे असतात. तरीही अर्धवट भरलेला कप्पा जास्त हिसका देतो. नव्या ड्रायव्हरने हे लक्षात ठेवावे. ब्रेक लवकर आणि हळू, वळण सावकाश, आणि डाव्या बाजूला घुसणारा स्कूटरवाला आपल्याला दिसत नाही असेच धरून चालावे.

माहुलहून निघालेला टँकर छेडा नगरला पूर्व द्रुतगती महामार्गावर येतो. अंधेरी, बोरिवलीच्या पंपांवर जाणारे पुढे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याला वळतात, ठाण्याकडचे सरळ जातात. पण त्याआधी महामार्गाला लागून आपली माता रमाबाई आंबेडकर नगरची वस्ती लागते.

११ जुलै १९९७ ची सकाळ कोण विसरेल? बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. संतापलेले लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. दहा जण गेले. त्या दुःखात मुलुंडचे शाहीर विलास घोगरे यांनी १५ जुलैला जीवनयात्रा संपवली. गोळीबाराच्या समर्थनार्थ सांगण्यात आले की जमाव गॅसचे टँकर पेटवायला निघाला होता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने हा बचाव मानला नाही, गोळीबार अनावश्यक ठरवला. २००९ साली सत्र न्यायालयाने उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जन्मठेप सुनावली, नंतर उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला.

ज्या वस्तीवर टँकर जाळायला निघाल्याचा आळ घेतला गेला, त्याच वस्तीसमोरून आपल्यातला एखादा तरुण रोज हजारो लिटर पेट्रोल सुखरूप घेऊन जातो. आम्हाला त्याच्या कामाचे मोल पगाराच्या आकड्याहून मोठे वाटते. म्हणूनच त्याच्या हातून हयगय होऊ नये, असेही वाटते. भगवान बुद्धांनी अप्रमादाला, म्हणजे सदैव सावध राहण्याला, मोठे स्थान दिले. पंचशीलातील पाचवे शील आपण विहारात म्हणतो. टँकरवाल्यासाठी ते रोज गाडीत चढताना पाळायचे शील आहे. रात्रीची झोप उडवायला कोणी पुडी दिली, थकवा घालवायला कोणी घोट दिला, तर हात जोडून नाही म्हणावे.

थकवा का येतो, हेही बघितले पाहिजे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगाराला आठवड्याचे ४८ तास मिळाले. मोटार वाहतूक कामगाराला दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास मिळायला १९६१ चा कायदा यावा लागला. कागदावरचे हे तास आणि रस्त्यावरचे तास यांत किती अंतर असते, ते ड्रायव्हरच्या बायकोला विचारावे. नव्या मुलाने एकट्याने भांडू नये, युनियनमध्ये जावे. जानेवारी १९२४ नव्हे, २०२४ चीच गोष्ट आहे. अपघातात माणूस दगावला आणि न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, या नव्या तरतुदीविरुद्ध ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाली, तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवावे लागले. तरीही जखमीला दवाखान्यात पोचवणे आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे हे ड्रायव्हरचे कर्तव्य मोटार वाहन कायद्यात आहेच. जमावाची भीती असेल तर थेट पोलीस चौकी गाठावी.

मुलुंडच्या नाक्यावर मुंबईची हद्द संपते. २०१७ साली जकात गेली, पूर्वीची ती ट्रकची अफाट रांगही गेली. येथून पुढे घाट, पाऊस आणि लांबचा रस्ता. येथपर्यंत आलेल्या मुलाच्या आईवडिलांना आमचे सांगणे आहे. लग्नकार्यात उधळायचे पैसे थोडे बाजूला काढा आणि पोराला ट्रेनिंग स्कूलला घाला. मुलगी शिकायचे म्हणाली, तर तिलाही घाला. उस्तादाचा मान ठेवा, पण लायसन्सशिवाय स्टिअरिंग धरू देऊ नका. आणि मालक कितीही चांगला असो, लायसन्स आणि प्रशिक्षणाचे मूळ कागद त्याच्या कपाटात ठेवू नका. त्याला झेरॉक्स द्या, मूळ कागद आपल्या घरात असू द्या.

जय भीम!