खाऊन बघा, लिहून ठेवा

कोरियन भाषेत खोलीसाठी एक शब्द आहे आणि पावासाठी एक. दोघांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. मराठी कानाला दोन्ही 'पांग'च ऐकू येतात. माझी एक विद्यार्थिनी सोलला गेली, पहिल्याच संध्याकाळी एका गेस्ट हाउसच्या दारात उभी राहून तिनं 'खोली आहे का?' असं विचारलं आणि आतल्या बाईंनी तिला कोपऱ्यावरची बेकरी दाखवली. तिनं फोनवर हे हसत हसत सांगितलं. मला मात्र त्या रात्री नीट झोप लागली नाही. 'पांग' हा शब्द तिच्या वहीत माझ्याच फळ्यावरून उतरला होता. पहिल्या आठवड्यात मुलांना सोपं जावं म्हणून मी तो देवनागरीत लिहून दिला होता, आणि मराठीतला आपला साधा 'प' कोरियन माणसाला पावातला 'प' वाटतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

तेव्हा मला पुण्यात कोरियन शिकवायला लागून सहा वर्षं झाली होती. टोपिक ही कोरियन भाषेची परीक्षा, तिची सर्वांत वरची सहावी पातळी मी पार केली होती. मुलं पास होत होती. रांजणगाव-चाकणकडच्या कंपन्यांत दुभाषी म्हणून लागत होती. आपल्याला शिकवता येतं, असं मी धरून चालले होते. भाषा येणं आणि भाषा शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाक्य मी अनेकदा ऐकलं होतं. त्याचा अर्थ त्या फोननंतर कळला.

कोरियनमध्ये 'प'च्या घरात तीन व्यंजनं राहतात. एक सैल, एक महाप्राण, एक ताठ. आग, गवत आणि शिंग या तिघांचे शब्द एकाच साच्याचे, पहिलं व्यंजन तेवढं बदलतं. आपल्याकडे प, फ, ब, भ असे चार असल्यामुळे मराठी मुलांना वाटतं, तीन तर सहज जमतील. महाप्राण जमतो, पण तोही ओठ मिटून म्हणायचा आजीच्या तोंडचा 'फ' हवा, इंग्रजीच्या सवयीनं दात ओठाला लावून म्हटलेला चालत नाही. ताठ व्यंजन आपल्या 'प'च्या बरंच जवळ आहे. गोची सैल व्यंजनाची. दोन स्वरांच्या मध्ये ते 'ब' होतं, शब्दाच्या सुरुवातीला ते ना धड 'ब' ना धड 'प'. सगळे शिक्षक करतात तसं मीही तोंडासमोर कागद धरून दाखवत असे: महाप्राणाला कागद हलतो, ताठ व्यंजनाला हलत नाही. सैल व्यंजनाला थोडासा हलतो. 'थोडासा' म्हणजे किती, हे मुलांना कधीच कळलं नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात सोलमधल्या एका विद्यापीठाच्या शिक्षक-प्रशिक्षणाला गेले. तिथल्या ध्वनिशास्त्राच्या बाईंनी कागद बाजूला ठेवायला सांगितलं आणि म्हणाल्या, आता शब्द म्हणू नका, नुसते गुणगुणा. आज सोलची तरुण मंडळी बोलतात तेव्हा सैल व्यंजनानं सुरू होणारा शब्द खालच्या सुरात सुरू होतो आणि महाप्राणानं सुरू होणारा वरच्या सुरात. श्वासाचा फरक कमी होत चाललाय आणि सुराचा फरक वाढत चाललाय. गेल्या काही दशकांतला हा बदल भाषाशास्त्रज्ञांनी नीट नोंदवलेला आहे. माझी पाठ्यपुस्तकं त्याबद्दल गप्प होती. पुण्यात परतल्यावर पहिल्याच तासाला मी मुलांना 'खोली' खालच्या सुरात गुणगुणायला लावली. वीस मिनिटांत अर्ध्याहून अधिक वर्ग खोली आणि पाव वेगळे म्हणू लागला. सहा वर्षांत जे जमलं नव्हतं ते वीस मिनिटांत झालं, याचा आनंद झालाच, पण आधीच्या सहा वर्षांतल्या मुलांची आठवणही फार टोचली.

परदेशी माणसाला कोरियन शिकवणं हा स्वतंत्र पेशा आहे, हे कोरियानं कायद्यानं मान्य केलंय. २००५च्या भाषाविषयक मूलभूत कायद्यानुसार कोरियन शिक्षकाच्या पात्रतेच्या तीन श्रेणी ठरल्या. सर्वांत खालच्या तिसऱ्या श्रेणीसाठी १२० तासांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर परीक्षा. या १२० तासांची वाटणीच बरंच काही सांगून जाते: कोरियन भाषाशास्त्राला ३०, सामान्य भाषाशास्त्राला १२, संस्कृतीला १२, अध्यापनशास्त्राला ४६ आणि प्रत्यक्ष सरावाला २०. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ कसं शिकवायचं यालाच दिलाय. अभ्यासक्रमाच्या वाटेनं तिसऱ्या श्रेणीत आलेल्याला दुसरीत जायला किमान पाच वर्षं आणि २००० तासांचा अनुभव लागतो. पदवीच्या मार्गानं थेट दुसरी श्रेणी मिळते, पण परदेशी माणसाला त्यासाठी टोपिकची सहावी पातळीही लागते. आता कोरियातल्या सायबर विद्यापीठांमुळे ही पदवी घरबसल्या घेता येते, आणि माझ्या ओळखीच्या दोघी-तिघी नोकरी सांभाळून ती करताहेत.

सरावाचे ते २० तास मला सर्वांत मोलाचे वाटतात. त्यात दुसऱ्याचा वर्ग मागच्या बाकावर बसून बघणं येतं, सहकाऱ्यांसमोर लुटुपुटीचा तास घेणं येतं, आणि 'ग्योआन' लिहिणं येतं. ग्योआन म्हणजे पाठटाचण. बीएडला आपण जे टाचण काढतो त्याहून हे फार बारीक. शिक्षक कोणतं वाक्य बोलणार, त्यावर विद्यार्थी काय उत्तर देईल, चुकला तर कसं चुकेल, मग शिक्षक काय म्हणेल, हे सगळं नाटकाच्या संहितेसारखं लिहायचं. पहिल्यांदा मला हा निव्वळ जाच वाटला. पण विद्यार्थ्याच्या तोंडची चुकीची वाक्यं आधीच लिहायला बसलं की एक प्रश्न टळत नाही: हा विद्यार्थी कोण? तो मनात कोणत्या भाषेत बोलतोय?

इथे सोलचं प्रशिक्षण थांबतं. त्यात त्यांचा दोष नाही. सोलमधल्या वर्गात व्हिएतनामी, चिनी, मंगोल, उझबेक मुलं शेजारी शेजारी बसतात, तिथे शिक्षकानं फक्त कोरियनमध्येच बोलणं योग्य आहे. माझ्या वर्गात मात्र सगळी मराठी बोलणारी. आम्ही काय करतो? इंग्रजीतून लिहिलेलं पुस्तक घेतो, इंग्रजीतून व्याकरण समजावतो, आणि मुलं मराठीत विचार करून, इंग्रजीच्या वळणानं, कोरियन बोलतात. मीही वर्गात मराठी बोलायला बंदी केली होती. ती बंदी आज मला माझी सर्वांत मोठी चूक वाटते.

एकच उदाहरण जवळून पाहू. कोरियनमध्ये क्रियापदाला दुसरं क्रियापद जोडून अर्थाची छटा बदलतात. 'मॉगॉ ब्वायो', यातलं पहिलं पद खाणं, दुसरं बघणं. इंग्रजी पुस्तक इथे 'प्रयत्न करणे' असा अर्थ देतं, आणि मुलांना वाटतं खाण्यासाठी धडपड करायची आहे. मराठीत हे वाक्य आहे 'खाऊन बघा'. बस. 'चॉगॉ दुसेयो', लिहिणं आणि ठेवणं: 'लिहून ठेवा'. सर्वांत नवलाचं 'मॉगॉ बॉर्यॉस्सॉयो'. दुसऱ्या क्रियापदाचा मूळ अर्थ टाकून देणं, फेकणं. मराठी माणूस म्हणतो, 'खाऊन टाकलं'. त्यातली ती हळहळ किंवा सुटल्याची भावना, 'केक खाल्ला' आणि 'केक खाऊन टाकला' यांतला फरक, इंग्रजीतून समजावायला मला अर्धा तास लागायचा आणि तरी चेहरे कोरेच राहायचे. 'जाणारी बस', 'काल वाचलेलं पुस्तक', 'उद्या भेटणारी माणसं' ही आपली विशेषणं कोरियनमध्ये जवळपास याच क्रमानं, याच तत्त्वानं बनतात. इंग्रजीतून जाणारा माणूस इथे 'जे पुस्तक मी काल वाचलं ते' असा वळसा घालतो. तो वळसा मराठी मुलांना मीच शिकवत होते.

मग हळूहळू इतर दारं उघडली. 'पानमाल' आणि 'जोंदेन्माल' या दोन बोलण्याच्या पद्धतींवर पुस्तकात चार पानं आहेत. मराठीत दोन शब्द पुरतात: अरेतुरे आणि अहोजाहो. कोरियन मालिका बघून आलेली मुलं पहिल्या दिवशी शिक्षकाशीही पानमालमध्येच बोलतात. त्यांना एवढंच सांगायचं, 'तू आत्ता मला अरेतुरे केलंस.' चेहरा लगेच बदलतो, मूळ गोष्ट कळते. सोलच्या खानावळीत वाढणाऱ्या बाईंना हाक मारतात 'इमो', म्हणजे शब्दशः मावशी. भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्या पोरांना याचं नवल वाटत नाही. घरातून निघताना कोरियन मूल म्हणतं, 'तान्यॉओगेस्सुम्निदा'. आपल्याकडे 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे ज्या घरात सांगितलं जातं तिथल्या मुलीला हे भाषांतर करून द्यावंच लागत नाही.

शब्दसंग्रहाचंही तसंच. कोरियनमध्ये पाण्याला 'मुल' म्हणतात, पण समासात गेलं की चिनी मुळाचा 'सु' येतो. पोहण्याच्या क्रीडाप्रकाराला 'सुयॉंग', पुराला 'होंगसु'. मुलं विचारतात, एका पाण्याला दोन शब्द कशाला? मी फळ्यावर 'पाणी' लिहिते आणि खाली 'जलतरण, जलवाहिनी, जलाशय'. कोरियनला चिनी शब्द तसे, जसे मराठीला संस्कृत तत्सम. वर्तमानपत्र वाचायचं, कंपनीचा करार भाषांतरित करायचा, तर या मुळांचा अभ्यास टळत नाही. मराठी मुलाला हे कष्ट अनोळखी नाहीत.

मराठी घातही करते, आणि शिक्षकाला तो घात आधी दिसला पाहिजे. 'मला हा सिनेमा आवडतो' या वाक्यातला 'मला' मुलं थेट कोरियन चतुर्थीत नेतात. तिथे वक्ता विषय म्हणून येतो, त्याला 'ला' चालत नाही. ही चूक इंग्रजी पुस्तकाच्या 'नेहमीच्या चुका' या चौकटीत सापडणार नाही, कारण इंग्रजी बोलणारा ती करतच नाही. माझ्या ग्योआनांत मात्र ती दर सत्रात येते.

हे सगळं मला एकटीला सुचलं नाही. पुण्यात आम्ही चार शिक्षिका दर रविवारी सकाळी एकत्र बसतो. प्रत्येकीनं आपला एक तास रेकॉर्ड करून आणायचा, बाकीच्यांनी बघायचा. पहिल्यांदा माझा तास लावला तेव्हा पन्नास मिनिटांपैकी बत्तीस मिनिटं मीच बोलत होते. एक मुलगा तीनदा हात वर करून खाली घेतो, ते वर्गात मला दिसलंच नव्हतं. स्क्रीनवर ते बघणं कठीण होतं. आमच्यातल्या सर्वांत धाकट्या शिक्षिकेनं शांतपणे एवढंच म्हटलं, 'ताई, तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता.' कुठल्याही प्रमाणपत्रानं मला इतकं शिकवलं नाही. आता मी प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजते. तो मुलगा आता बोलतो.

या रविवारांचे पैसे कुणी देत नाही. आपल्याकडे परदेशी भाषांचे बहुतेक शिक्षक तासावर काम करतात, आणि तासाचा अर्थ वर्गात उभं राहिलेला तास एवढाच लावला जातो. मी एका संस्थेत शिकवत असताना प्रशिक्षणासाठी पंधरा दिवसांची रजा मागितली, तर माझे वर्ग दुसऱ्याला देण्यात आले. तो 'दुसरा' कोरियात जन्मलेला, उत्तम बोलणारा, पण आयुष्यात कधी न शिकवलेला तरुण होता. सत्र संपेपर्यंत अर्धा वर्ग गळाला. त्याच्यावर माझा राग नाही, त्यालाही कुणी शिकवलं नव्हतं.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांच्या यादीत कोरियनचं नाव आलं. यादीत नाव घालणं सोपं असतं. शाळांमध्ये उद्या तास सुरू झाले तर त्यांना कोण शिकवणार, याचं उत्तर आजच तयार करायला हवं. त्याची सुरुवात कुठल्याही परवानगीशिवाय होऊ शकते. संस्थाचालकांना माझी विनंती आहे की शिक्षकाला आठवड्यातला एक तास दुसऱ्याचा वर्ग बघायला द्या, आणि त्या तासाचं मानधनही द्या. नागपूर, कोल्हापूर, नाशिक, मुंबई, जिथे कुठे कुणी कोरियन शिकवत असेल, त्या सहकाऱ्यांना सांगणं आहे की आपली ग्योआनं फेकू नका, मराठी मुलं कुठे अडखळतात त्याच्या नोंदी ठेवा, त्या एकमेकांना द्या. मराठीतून कोरियन शिकवण्याचं पुस्तक त्या वह्यांमधूनच तयार होईल. माझ्याकडच्या अकरा वह्या मागणाऱ्याला मी द्यायला तयार आहे.