मृगाआधीचा पाऊस

देशावरून आलेल्या माणसाला म्हैसूरचं आभाळ कळायला वेळ लागतो. आपलं सगळं गणित मृगावर बसवलेलं. ७ जूनपर्यंत उन्हाला शिव्या द्यायच्या आणि मग छत्र्या बाहेर काढायच्या. इथे मे महिन्यातच दुपारी ढग दाटतात, वारा सुटतो, शेवग्याची ठिसूळ फांदी काडकन मोडते आणि तासाभरात परसात घोटाभर लाल पाणी. मग जून-जुलैत कोल्हापूरकडून पुराच्या बातम्या येत असताना आमच्याकडे नुसती भुरभुर. सह्याद्रीने ढग पश्चिमेलाच रिते करून घेतलेले असतात. जवळजवळ ७७० मीटर उंचीच्या या पठारावर पोचते ती ओली झुळूक. पुन्हा जोर धरतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात, दसऱ्याच्या तोंडावर. शेजारच्या अज्जी जुलैतही आभाळाकडे न बघता सांगतात, “मळे बरुत्ते,” पाऊस येईल. कधी, ते विचारायचं नाही.

आमचं परस म्हणजे मागच्या दारापासून कुंपणापर्यंतची चिंचोळी पट्टी. धुण्याचा दगड, त्याच्या पाण्यावर माजलेली केळ, कढीपत्ता, भिंतीला धरून चढलेली नागवेल. म्हैसूरच्या विड्याच्या पानाला भौगोलिक मानांकन आहे, पण माझ्या वेलीला ते कोणी कळवलेलं दिसत नाही. तिची पानं बेतास बात. तिचं मी मनावर घेत नाही. माझा जीव आहे तो मल्लिगेत.

मोगऱ्याच्या कुळातली ही म्हैसूर मल्लिगे. थंडीत तिची छाटणी करायची. त्या दिवशी झाड इतकं केविलवाणं दिसतं, की बघणाऱ्याला वाटावं आपण सूड उगवला. फेब्रुवारी सरता सरता त्या काड्यांना पोपटी फूट येते आणि तिच्या टोकाशी कळ्या. पहिले काही दिवस त्या हिरव्याच, तांदळाच्या दाण्याएवढ्या. मग एका दुपारी त्यातल्या दोन-चार टपोऱ्या होऊन पांढऱ्याफेक पडलेल्या असतात, देठाशी किंचित हिरवट. त्याच आज उमलणार. ऊन कलायच्या आत खुडायच्या, केळीच्या सोपाचा धागा पाण्यात भिजवायचा, दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, मध्ये गाठ. देवराज मार्केटातल्या बायकांचे हात हे काम करताना दिसतसुद्धा नाहीत. गजरा कोपरापासून बोटांपर्यंतच्या हातावर मोजून देतात. माझा कसाबसा वीतभर होतो. पण दिवेलागणीला कळ्या केसातच उमलतात, आणि आमटीला फोडणी देताना हिंगावर मात करून तो वास येतो.

एक बहर सरला की दुसरा सुरू व्हावा, अशा बेताने बंगळुरात रस्त्याकडेची झाडं लावली ती क्रुंबिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाने. म्हैसूर संस्थानात येण्याआधी तो बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीत होता, म्हणून मला उगाच आपला माणूस वाटतो. ड्रेस्डेनकडच्या बर्फातून आलेल्या त्याला हे विनाहिवाळ्याचं वर्ष कसं वाटलं असेल! त्याच्याकडे शहर होतं, माझ्याकडे पट्टी. तरी मल्लिगे ओसरली की अबोली आहे, तिच्यामागून पारिजातक, आणि नवरात्रात देवीला लाल जास्वंद. कुप्पण्णा पार्कात दसऱ्याचं पुष्पप्रदर्शन भरतं. तिथल्या एकाही फुलाला भोक पडलेलं नसतं, याचा मला थोडा संशय येतो. माझ्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण असतात आणि तरीही शिंजीर सकाळी पहिल्यांदा तिच्याकडेच येतो.

कुंपणापलीकडचा कडुनिंब अज्जींचा, त्याची फांदी आमची. पाडव्याला मी गुढीसाठी डहाळी तोडते, आणि त्याच सकाळी अज्जी युगादीच्या बेवु-बेल्लासाठी मोहर झाडून घेतात. डिसेंबर-जानेवारीत कुंपणावर अवरेकाई, म्हणजे आपला पावटा, लगडतो. धुक्यात शेंगांना जो उग्र, तेलकट वास सुटतो त्यावरच इथली माणसं माल पारखतात. टोपलीभर शेंगा घेऊन आम्ही दोघी धुण्याच्या दगडावर बसतो. भिजवलेले दाणे चिमटीत दाबले की सालीतून टुणकन उडतात, निम्मे मातीत. संक्रांतीला त्यांच्याकडून एळ्ळु-बेल्ला येतं: तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, सोबत उसाची कांडी. मी तिळाचे लाडू पाठवते. ते फोडायला अज्जींनी यंदा अडकित्ता घेतला.